आग्र्याची पच्चीकारी: खान्देशातून सहलीला जाणाऱ्यांनी दगडी जडावकाम घेताना काय तपासावं?

मथुरा, वृंदावन, आग्रा, दिल्ली, हरिद्वार. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूरकडून निघणाऱ्या यात्रा-सहलींचा हा जवळपास ठरलेला रस्ता आहे. आग्र्याच्या वाट्याला त्यात एक दिवस येतो, कधी अर्धाच. ताजमहाल पाहून लोक बसमध्ये बसतात, बस थोडी पुढे जाते आणि एका मोठ्या दुकानासमोर थांबते. आत एक कारागीर सहाणेवर दगड घासत बसलेला असतो. दुकानदार खोलीतले दिवे मालवतो, संगमरवरी ताटलीखाली बॅटरी धरतो, आणि त्यातली नारिंगी फुलं निखाऱ्यासारखी पेटतात. सगळे ‘वा!’ म्हणतात. पुढच्या चाळीस मिनिटांत कुणी शोभेची ताटली घेतं, कुणी दागिन्यांची डबी, कुणी देवघरासाठी चौरंग.

घरी आल्यावर काही महिन्यांनी त्यातल्या एखाद्याचं फूल निखळतं, एखाद्याचा रंग उतरतो, आणि एखाद्याचा ‘संगमरवर’ नखानेही ओरखडतो. दुकान तर हजार किलोमीटरच्या आसपास दूर राहिलेलं असतं.

सोन्याच्या बाबतीत असं सहसा होत नाही. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात, आणि इथल्या घरात दागिना घेताना हॉलमार्क पाहायला कुणी शिकवावं लागत नाही. १ एप्रिल २०२३ पासून तर विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक असावा लागतो. संगमरवरातल्या जडावकामावर असा कुठलाही शिक्का नसतो. पारख ग्राहकालाच करावी लागते, तीही घाईत. त्यासाठी लागणारी माहिती थोडी आहे, पण ती बसमध्ये बसण्याआधी असलेली बरी.

आग्रा आणि खान्देश

धुळ्यात बाजारपेठेच्या मुख्य रस्त्याला ‘आग्रा रोड’ म्हणतात. मुंबईहून आग्र्याला जाणारा जुना हमरस्ता धुळ्यावरून, शिरपूर, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर असा जातो, त्यावरून हे नाव. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी भुसावळ हा मोठा थांबा. पंजाब मेल, झेलम एक्सप्रेस, गोवा एक्सप्रेस या गाड्या इथून भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर करत आग्रा कॅन्टोन्मेंटला पोचतात. धुळेकरांना त्यासाठी चाळीसगाव किंवा जळगाव गाठावं लागतं.

याच लोहमार्गावर भुसावळनंतर सावदा, रावेर मागे पडलं की बुऱ्हाणपूर लागतं. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या काळात ती खान्देशची राजधानी होती. ताजमहाल जिच्यासाठी बांधला ती मुमताज महल १७ जून १६३१ रोजी याच बुऱ्हाणपुरात, चौदाव्या बाळंतपणात वारली. तापीच्या पलीकडे जैनाबादच्या बागेत तिला आधी दफन केलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिचा देह आग्र्याला नेला आणि १६३२ मध्ये ताजचं काम सुरू झालं. म्हणजे आग्र्याच्या गाडीत बसलेला खान्देशी प्रवासी ताजच्या गोष्टीची सुरुवात खिडकीतूनच मागे टाकतो. पण गाडी तिथे रात्री पोचली तर कळतही नाही.

पच्चीकारी म्हणजे नेमकं काय?

संगमरवराच्या पृष्ठभागावर नक्षी कोरायची, त्या खाचेत नेमक्या आकाराचे रंगीत दगड बसवायचे आणि सगळं एका पातळीत घासून गुळगुळीत करायचं, ही पच्चीकारी. फारसीत परचीनकारी. दुकानांतून आज सरसकट ‘इनले’ असाच शब्द ऐकू येतो. इटलीत याच प्रकारच्या कामाला ‘पिएत्रा दुरा’, म्हणजे कठीण दगड, म्हणतात. तिथे फ्लोरेन्समध्ये मेदिची घराण्याने १५८८ मध्ये त्यासाठी खास कार्यशाळा काढली होती. मुघलांनी ही कला इटलीकडून घेतली की इथल्या दगड जडवण्याच्या जुन्या परंपरेतून वाढवली, यावर अभ्यासकांचा वाद आहे. दिल्लीच्या लाल किल्ल्यात दिवाण-ए-आममध्ये सिंहासनामागे फ्लोरेन्सच्या बनावटीच्या तबकड्या आहेत, त्यामुळे संबंध होता हे नक्की. पण ताजवरची फुलं आणि वेली पाहिल्या तर हात इथलाच वाटतो.

ताजच्या आधीचा उत्तम नमुना आग्र्यातच, यमुनेच्या दुसऱ्या तीरावर आहे. नूरजहानने आपल्या वडिलांसाठी, म्हणजे मिर्झा गियास बेग यांच्यासाठी १६२२ ते १६२८ या काळात बांधलेली इतमाद-उद-दौलाची कबर. इमारत लहान आहे, गर्दी कमी असते आणि जडावकाम अगदी डोळ्यांसमोर येतं. खरेदीचा विचार असेल तर आधी इथे अर्धा तास घालवावा. चांगलं काम कसं दिसतं हे डोळ्यांत बसलं की दुकानातल्या शंभर ताटल्यांपैकी नव्वद आपोआप बाजूला पडतात. शिवाय ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, ही कबर उघडी असते. शुक्रवारी आग्र्यात अडकलेल्यांना हे ठाऊक असलेलं चांगलं.

काम कसं होतं? संगमरवरावर आधी लालसर रंगाचा पातळ हात देतात, म्हणजे त्यावर ओरखडून काढलेली नक्षीची रेघ पांढरी उठून दिसते. दुसरीकडे रंगीत दगडाचे पातळ काप करून सहाणेच्या चाकावर एकेक पाकळी घासून आकाराला आणतात. पाकळी रेघेवर ठेवून पाहायची, पुन्हा घासायची, पुन्हा ठेवायची. मग टोकदार छिन्नीने खाच कोरायची, चिकटद्रव्य घालून तुकडा बसवायचा आणि शेवटी पाणी व कुरुंदाच्या भुकटीने सगळं एकत्र घासायचं. चिकटद्रव्य कशाचं असतं ते कारागीर सांगत नाहीत, घराण्याचं गुपित आहे म्हणतात. आज बऱ्याच ठिकाणी ते सरळ बाजारातलं इपॉक्सी असतं.

वेळ कुठे जातो? घासण्यात. दगडांचा कठीणपणा १ ते १० या मापावर मोजतात. संगमरवर ३, मॅलाकाइट हा हिरवा दगड साधारण ४, लाजवर्द ५ ते ५.५, आणि अकीक जवळपास ७. त्यामुळे तेवढ्याच आकाराची अकीकाची पाकळी घडवायला मॅलाकाइटच्या पाकळीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. एका फुलात चार पाकळ्या आहेत की चाळीस, आणि त्या कुठल्या दगडाच्या आहेत, किंमत खरी इथे ठरते. ताटलीचा व्यास त्यानंतर येतो.

या नारिंगी अकीकाचाही आपल्याशी संबंध आहे. भारतातल्या अकीकाचा जुना आणि नावाजलेला साठा गुजरातच्या भरूच जिल्ह्यात रतनपूरला आहे आणि त्यावरचं काम खंभातला चालतं. तिथला अकीक मुळात दख्खनच्या लाव्हा खडकातून सुटून आलेला, म्हणजे खान्देशात घराच्या जोत्याला वापरतात त्या काळ्या पाषाणाच्याच कुळातला. खाणीतून निघताना तो मळकट पिवळा-तपकिरी असतो, भाजल्यावर लाल-नारिंगी होतो. लाजवर्द मात्र दूरचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा.

आधी पांढरा दगड पाहा

ग्राहक रंगीत फुलं पाहतो आणि पांढऱ्याकडे दुर्लक्ष करतो. फसवणूक बहुतेक वेळा पांढऱ्यातच असते. आग्र्याच्या बाजारात ‘मार्बल’ या एका नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिला खरा संगमरवर. त्यातला राजस्थानातल्या मकराण्याचा सगळ्यात नावाजलेला. ताजमहाल त्याच दगडाचा आहे आणि २०१९ मध्ये भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मकराणा दगडाला जागतिक वारसा दगडांच्या यादीत स्थान दिलं. दुसरा सोपस्टोन, म्हणजे शंखजिऱ्याचा दगड. हा फार मऊ, त्यामुळे त्यावर जाळी कोरणं सोपं. जाळीचे हत्ती, दिव्याच्या कुप्या, अगरबत्तीची घरं बहुधा याचीच असतात. तिसरा अलाबास्टर, म्हणजे जिप्समचा एक प्रकार. दिसायला सुंदर, प्रकाशही आरपार जातो, पण मऊ. चौथा दगडच नव्हे: संगमरवराची भुकटी आणि राळ साच्यात ओतून केलेला माल.

सोपस्टोनची वस्तू घेण्यात काही चूक नाही. ती स्वस्त असते, भेट द्यायला बरी पडते. संगमरवराच्या भावाने सोपस्टोन घेतला तर मात्र नुकसान आहे.

ओळखायचं कसं? नखापासून सुरुवात करा. नखाचा कठीणपणा साधारण २.५. संगमरवर ३, म्हणून त्यावर नखाने ओरखडा उठत नाही. अलाबास्टर २ आणि सोपस्टोन १ च्या आसपास, त्यामुळे वस्तूच्या तळाला, जिथे पॉलिश नसतं तिथे, नख जोरात ओढलं तर पांढरी रेघ किंवा भुकटी दिसते. हे दोन सेकंदांचं काम आहे आणि वस्तू खराब होत नाही. आधी दुकानदाराला विचारावं. तो ‘नको’ म्हणाला तर तेही एक उत्तरच.

मग हाताचा स्पर्श. दगड गार लागतो आणि काही वेळ गारच राहतो. राळेचा माल हातात लवकर कोमट होतो, बोटाने टिचकी मारली तर आवाजही बोदा येतो. वजनाचा अंदाजही आधी घेता येतो: बारा इंच व्यासाची, साधारण सव्वा सेंटिमीटर जाडीची संगमरवरी ताटली दोन ते अडीच किलो भरते. त्याच मापाची ताटली दीड किलोचीच निघाली तर विचारायला हवं.

आता ती बॅटरी. दुकानातला हा सगळ्यात आवडता प्रयोग आणि सगळ्यात कमी उपयोगाचाही. चांगल्या संगमरवरातून प्रकाश झिरपतो हे खरं. पण अलाबास्टरमधूनही झिरपतो आणि पातळ राळेतूनही. म्हणजे प्रकाश अजिबात गेला नाही तर शंका घ्यावी, गेला म्हणून खात्री मानू नये. बॅटरीचा खरा फायदा वेगळाच: तिच्यामुळे संगमरवरातल्या भेगा, बुजवलेले कोपरे आणि जोडकाम उघडं पडतं. दुकानदार ती फुलाखाली धरतो. ती मागून घेऊन कडेकडेने फिरवावी.

दुसरा आवडता प्रयोग नाण्याचा. दुकानदार ताटलीवर नाणं घासतो, राखाडी रेघ उठते, ती तो पुसून दाखवतो आणि म्हणतो, ‘असली मकराना है, स्क्रॅच नहीं आता.’ नाणं हलक्या हाताने घासलं की त्या धातूचाच काळपट थर दगडावर बसतो, तो पुसला जातो. पोलादी सुरी संगमरवरापेक्षा बरीच कठीण असते आणि तिच्या टोकाने खऱ्या मकराण्यावरही ओरखडा पडतो. ‘ओरखडा पडत नाही म्हणून असली’ हा दावाच चुकीचा आहे. ‘हळद सांडली तरी डाग पडत नाही’ हाही त्याच जातीचा दावा. संगमरवर कमी का होईना पण शोषतो, आणि लिंबू, चिंच, टोमॅटो, व्हिनेगर यांसारख्या आंबट पदार्थाने त्याचं पॉलिश मरतं. लिंबाचा थेंब टाकल्यावर बारीक बुडबुडे येणं ही उलट खऱ्या संगमरवराची खूण आहे, सोपस्टोन आणि अलाबास्टरवर ते येत नाहीत. पण हा प्रयोग तळाशीच करावा, कारण जिथे थेंब पडेल तिथला भाग निस्तेज होतो. भुकटी-राळेच्या मालातही संगमरवराची पूड असल्याने तो कधी बुडबुडे देतो, म्हणून एकट्या लिंबावरही विसंबू नये. नख, स्पर्श, वजन आणि थेंब एकत्र जुळले तर दगड खरा मानायला हरकत नाही. तो मकराण्याचाच आहे की दुसऱ्या खाणीचा, हे मात्र दुकानात उभं राहून कुणालाही सांगता येत नाही. म्हणून ‘मकराणा’ हा शब्द बिलावर लिहून घ्यावा.

मग फुलं

डोळे मिटून नक्षीवरून बोट फिरवा. चांगल्या कामात दगड कुठे संपला आणि संगमरवर कुठे सुरू झाला हे बोटाला कळत नाही. खाच लागली, तुकडा वर आलेला जाणवला किंवा कडेला गोंदाची पिवळट रेघ दिसली, तर काम घाईचं. पाकळी आणि खाच यांच्यातली फट पांढऱ्या लांबीने भरलेली असते. आज ती दिसत नाही, वर्षभराने काळी पडून दिसते. सगळ्यात अवघड जागा म्हणजे वेलीचा देठ: जितका बारीक आणि अखंड वळणाचा, तितका हात चांगला. जाड आणि तुकड्यातुकड्यांचा देठ असेल तर पैसे त्या हिशेबानेच द्यावेत.

रंग पाहायचा तो एकाच पाकळीच्या आत. खरा दगड एकसारखा नसतो. लाजवर्दात सोनेरी ठिपके आणि पांढरट शिरा असतात. मॅलाकाइटमध्ये फिकट-गडद हिरवे पट्टे असतात आणि दोन पाकळ्यांतले पट्टे सहसा सारखे येत नाहीत. अकीक बॅटरीवर पेटतो, लाजवर्द पेटत नाही, काळाच दिसतो. त्यामुळे निळं फूलही काचेसारखं उजळलं तर ती बहुधा काच आहे. शिंपल्याचा तुकडा ताटली हलवली की रंग बदलतो. फिरोजा म्हणून जे आकाशी दगड दाखवतात ते बऱ्याचदा पांढऱ्या दगडाला रंग देऊन किंवा भुकटी दाबून केलेले असतात. ताटलीभर सगळ्या आकाशी पाकळ्या हुबेहूब एका छटेच्या असतील तर तेच समजावं.

फुलं रंगवलेलीही असतात. सोपस्टोनच्या डबीवर अगदी बारीक कुंचल्याने रंग भरून वर पारदर्शक थर दिलेला असतो. उजेडात तिरकी धरली की वरचा थर चमकतो आणि कुंचल्याचा फराटा दिसतो. नेलपॉलिश काढायच्या द्रावणात भिजवलेल्या कापसाने तळाजवळचं एखादं पान पुसून पाहिलं तर रंग कापसावर येतो, अर्थात हेही विचारूनच.

यंत्रावर कापलेल्या पाकळ्यांचं काय? आता तेही खूप होतं. पाकळ्या तंतोतंत सारख्या आणि कडा स्वच्छ असल्या तर यंत्राचा हात असण्याची शक्यता मोठी. तो माल खोटा नाही, टिकतोही. फक्त ‘तीन महिने हाताने केलं’ अशी किंमत त्याला देऊ नये.

दुकान निवडणं

बस किंवा रिक्षा ज्या दुकानासमोर थांबते तिथे वाहनचालकाचा किंवा गाइडचा हिस्सा असणं ही आग्र्यातली उघड गोष्ट आहे. तो हिस्सा शेवटी वस्तूच्या किमतीतूनच जातो. म्हणून त्या दुकानात पाहावं, शिकावं, कारागिराचं काम बघावं, पण शक्य तर तिथेच घेऊ नये. ताजच्या दक्षिणेला असलेली ताजगंज ही शाहजहानच्या काळातलीच वस्ती. तिथे आणि शहरातल्या गोकुळपुऱ्यात दगडकाम करणाऱ्यांची जुनी घरं आहेत. दोन-तीन तास हाताशी असतील तर पायी हिंडून दोन ठिकाणी तीच वस्तू विचारावी. वेळ नसेल आणि पुढचा मुक्काम दिल्ली असेल, तर जनपथवरचं केंद्र सरकारचं कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम किंवा बाबा खडकसिंग मार्गावरचं उत्तर प्रदेशचं ‘गंगोत्री’ पाहता येतं. तिथे घासाघीस होत नाही, पण भाव कळतो.

पाट्यांबद्दल सावध राहावं. ‘गव्हर्नमेंट अप्रूव्हड’, ‘हँडिक्राफ्ट बोर्ड’, ‘कोऑपरेटिव्ह’, ‘फॅक्टरी’ हे शब्द कुणीही पाटीवर रंगवू शकतो. दुकान खरंच सरकारी असेल तर बिलावर त्या महामंडळाचं नाव असतं.

आणखी एक गोष्ट दुकानात हमखास ऐकायला मिळते: ताज बांधणाऱ्या कारागिरांचे हात शाहजहानने तोडले, आणि त्यातून वाचलेल्यांचे आम्ही वंशज. हात तोडल्याला समकालीन पुरावा नाही. गोष्ट ऐकावी, तिच्यासाठी पैसे मोजू नयेत.

खरेदी ताज पाहिल्यानंतरच करावी हेही सांगायला हवं. आधी घेतलेली दगडी वस्तू घेऊन आत जाता येईलच असं नाही, ती सामानघरात ठेवावी लागते आणि परतताना रांगेत वेळ जातो.

बिल: सगळ्यात दुर्लक्षित कागद

‘कच्चं घेतलं तर जीएसटी वाचेल’ असं दुकानात सुचवलं जातं. वाचलेले ते पैसे पुढच्या तक्रारीचा हक्क देऊन वाचतात. पक्कं बिल घ्यावं, आणि त्यावर ‘हँडिक्राफ्ट आयटम’ एवढंच न लिहिता वस्तूचं वर्णन घालून घ्यावं: पांढरा मकराणा संगमरवर, लाजवर्द व अकीक जडावकाम, व्यास अमुक, वजन तमुक. तोंडी सांगितलेलं लिहून द्यायला दुकानदार कचरला तर त्याच्या बोलण्याची किंमत तिथेच कळते.

हे बिल खान्देशात परतल्यावर कसं कामी येतं? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्यात ग्राहकाला तो राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे आग्र्यात घेतलेल्या ताटलीची तक्रार जळगावच्या किंवा धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल होऊ शकते, आग्र्याला खेटे घालावे लागत नाहीत. वस्तूची दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहावा, काही प्रकरणं तिथेच मिटतात.

बिलावर खाली ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असतं. ते वाचून बहुतेक जण गप्प बसतात. पण सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हे कायद्याने अनुचित व्यापार प्रथेत मोडतं. बिल न देणंही त्यातच येतं. फक्त ‘महाग पडलं’ किंवा ‘घरी आवडलं नाही’ हा दोष नव्हे, तिथे कायदा मदतीला येत नाही.

पैसे यूपीआयने किंवा कार्डाने द्यावेत आणि ते दुकानाच्या नावावर जातात ना हे पाहावं. वस्तूचा पुढून, मागून आणि बॅटरीच्या उजेडात एकेक फोटो दुकानातच काढून ठेवावा.

घरी आणणं

लहान वस्तू हातातच आणावी. रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीच्या प्रवाशाला ४० किलोपर्यंत सामान मोफत नेता येतं, त्यामुळे वजनाची अडचण सहसा येत नाही. फुटण्याची येते. ताटली आडवी न ठेवता कपड्यांच्या मधोमध उभी ठेवली तर धक्का कमी बसतो.

टेबलाचा टॉप हे वेगळं प्रकरण. दोन फूट व्यासाचा, दोन सेंटिमीटर जाडीचा टॉप पंधरा किलोच्या पुढे जातो आणि दुकानदार ‘पार्सल करतो’ म्हणतो. अशा वेळी टॉपच्या मागच्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने स्वतःची सही करावी आणि सहीसकट फोटो काढावा, म्हणजे तोच टॉप आला की दुसरा हे कळेल. पार्सलचा खर्च, विमा आणि फुटल्यास जबाबदारी कुणाची, हे बिलावरच लिहून घ्यावं. खोकं आल्यावर ते उघडतानाचा व्हिडिओ काढावा.

देवघरासाठी चौरंग किंवा पाट घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: कुंकू, हळद, तेल आणि पंचामृत या चारही गोष्टी संगमरवराला मानवत नाहीत. खाली छोटं तबक ठेवलं की प्रश्न मिटतो. पुसायला ओलं मऊ कापड, फार तर पातळ साबणाचं पाणी पुरतं. बाथरूमचं ॲसिड तर लांबच ठेवावं. जळगावचा मे महिना ४५ अंशांना टेकतो, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीत किंवा गच्चीत जडावकामाची वस्तू ठेवू नये. दगड तापून प्रसरण पावतो, चिकटद्रव्य सैल होतं, आणि पहिली पाकळी बहुधा अशीच निघते. निघालीच तर तुकडा जपून ठेवावा. थोड्या इपॉक्सीने तो परत बसतो, हरवला तर तसा दुसरा मिळणं कठीण.

आणि आपल्या दारातले दगड?

आग्र्याला जाणं होणार नसेल, तरी दगड घेण्याची घाई खान्देशाच्या वेशीबाहेरही होते, अजिंठ्याच्या पायथ्याशी. जळगावहून साधारण ६० किलोमीटरवर लेणी आहेत आणि वाहनतळाजवळ स्फटिक विकणारे गाठतातच. हा माल जडावकामाचा नव्हे, निसर्गाचा. दख्खनच्या लाव्हा खडकातल्या पोकळ्यांत तयार झालेले स्टिलबाइट, अपोफिलाइट यांसारखे स्फटिक जगभरचे संग्राहक घेतात, आणि त्यांच्या लेबलांवर ‘जळगाव’, ‘सावदा’ ही नावं सर्रास असतात.

इथेही रंगच पाहायचा. पांढरे, फिकट गुलाबी, पाण्यासारखे पारदर्शक आणि हलके हिरवे स्फटिक नैसर्गिक असू शकतात. आतून झगझगीत जांभळी, गुलाबी किंवा निळी असलेली फोडलेली गोटी बहुतेक वेळा रंगात बुडवलेली असते. ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा पुसला की बऱ्याचदा कळतं. स्फटिक खडकावर गोंदाने चिकटवलेले नाहीत ना, हे मुळाशी पाहावं. सोमवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी जाऊ नये.

आणि हे स्फटिक ठिसूळ असतात. दुचाकीच्या डिकीत टाकून आणले तर पहूर येईपर्यंत निम्मी टोकं गेलेली असतात.